लहान मुलींना घेऊन इंदूरहून इन्सब्रुकला: आधी काय, मग काय

इंदूरच्या मराठी घरांत परदेशी जायचं ठरलं की सगळ्यात आधी बॅगा उघडतात. भाजणी, गोडा मसाला, लोणच्याच्या बरण्या, तिबेटी बाजारातले स्वेटर. मुलींचं मात्र "लहान आहेत, आपोआप शिकतील" यावर निभावतं. भाषा त्या खरंच शिकतात, आपल्याआधी शिकतात. पण बर्फातले कपडे स्वतः चढवणं, संडासात कागद वापरणं, अनोळखी बाईंना "मला दुखतंय" म्हणून सांगणं आपोआप येत नाही, आणि पहिल्या महिन्यात रडारड होते ती याच गोष्टींवरून. यातली निम्मी तयारी इंदुरात बसून होते. तिकडे पोचल्यावर तिला वेळच मिळत नाही.

हे लिहिलंय ते साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुली असलेल्या घरांसाठी. उदाहरण ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचं घेतलंय. आल्प्समधल्या दुसऱ्या देशात गेलात तर नियम बदलतील, कामांचा क्रम बहुतेक हाच राहील.

एक भीती आधीच बाजूला काढू. "डोंगरात हवा विरळ, पोरींना झेपेल का?" हा आजी-आजोबांचा पहिला प्रश्न असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इन्सब्रुक ५७४ मीटरवर. शहर दरीत वसलंय आणि दोन्ही अंगांचे डोंगर दोन हजार मीटरच्या वर जातात. श्वासाचा प्रश्न नाही. प्रश्न उन्हाचा, थंडीचा आणि बर्फाचा आहे.

## टप्पा १: कागदपत्रं, निघायच्या सहा महिने आधी

सगळ्यात जास्त वेळ खातात ती नावं. नगर निगमच्या जन्मदाखल्यावर बरेचदा बाळाचं नावच नसतं, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. आडनावाच्या शेवटी कुठे 'आय', कुठे 'वाय'. इंदुरात हे कुणाला खटकत नाही, व्हिसाच्या खिडकीवर लगेच खटकतं.

कामाचा क्रम असा ठेवा:

१. जन्मदाखल्यात मुलीचं नाव चढवून घ्या.
२. दाखल्यावरचं आईचं नाव तिच्या पासपोर्टशी आणि लग्नाच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा.
३. मग मुलीचा पासपोर्ट काढा.
४. मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का), आणि दूतावासाच्या यादीत त्याखेरीज काही पडताळणी सांगितली असेल तर ती.
५. जर्मन भाषांतर अगदी शेवटी, तेही त्या देशात मान्य असलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून.

बहुतेक लोक पाचवं काम दुसऱ्या नंबरावर करतात. मग दाखल्यात दुरुस्ती निघते आणि भाषांतराचे पैसे पुन्हा भरावे लागतात.

आपल्याकडच्या मधल्या नावाचंही आधीच ठरवा. पासपोर्टवर मुलीच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असेल तर तिकडच्या कागदांवर ते तिचंच दुसरं नाव म्हणून चढतं. किंडरगार्टनमध्ये, म्हणजे तिकडच्या बालवाडीत, हजेरी घेताना बाई दोन्ही नावं पुकारतील आणि मुलगी बाबांना शोधत मागे वळून बघेल. त्याने बिघडत काही नाही. पण दोन बहिणी असतील तर दोघींची पद्धत एकच ठेवा. एकीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि दुसरीच्या नाही, असं असलं की प्रत्येक कचेरीत तोच खुलासा करत बसावं लागतं.

सावध: बाबा पुढे गेलेत आणि आई मुलींना घेऊन मागून येणार असेल, तर वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखले हातातल्या बॅगेत ठेवा. आईचं आडनाव वेगळं असेल तर हे टाळूच नका.

## टप्पा २: डॉक्टरांकडची एक निवांत फेरी

लसीकरणाचं कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि दोन गोष्टी मुद्दाम विचारा.

पहिली गालगुंडाची. सरकारी कार्यक्रमात नऊ ते बारा महिन्यांची आणि पुन्हा दीड-दोन वर्षांची जी लस मिळते ती 'एमआर', म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची लस त्यात नसते. युरोपात तिन्हींची एकत्र लस धरून चालतात. खासगी डॉक्टरांकडे 'एमएमआर' दिली असेल तर प्रश्न मिटला. कार्डावर नुसतं 'एमआर' असेल तर इथेच विचारून घ्या.

दुसरी बीसीजीची. तिची नोंद कार्डावर स्पष्ट हवी, कारण बीसीजी घेतलेल्या मुलांच्या त्वचेवरची क्षयरोगाची चाचणी त्या लसीमुळेही होकारार्थी येऊ शकते. नोंद दाखवता आली तर विनाकारण घाबरण्याची पाळी येत नाही.

सगळ्या लसी तारखेनिशी एका पानावर इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्या. ताप आला की तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक, ही आपल्याकडची सवय तिकडे चालत नाही. तिकडचे डॉक्टर पाणी पाजा, विश्रांती द्या म्हणतात आणि घरी पाठवतात. हा निष्काळजीपणा नव्हे, हे आजीला आधीच समजावून ठेवलेलं बरं. दातांची तपासणी मात्र निघण्यापूर्वी उरकून घ्या.

## टप्पा ३: इंदुरातली तालीम

लोक सर्वात जास्त गाळतात तो हा टप्पा. त्याला महिना-दोन महिने द्या.

कपडे चढवण्याचा क्रम. आल्प्समधल्या किंडरगार्टनमध्ये मुलं पावसात, बर्फातही बाहेर खेळायला जातात. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली बाक, बाकाखाली बूट, आणि वीसेक मुलांमागे दोन बायका. प्रत्येकीची चेन लावायला कुणी रिकामं नसतं. जिला स्वतःला जमत नाही ती शेवटी बाहेर पडते, आणि तोवर बाकीच्यांचा खेळ अर्धा संपलेला असतो.

क्रम असा: आधी शूला जाऊन येणं, मग मोजे, मग बर्फाची पँट, मग बूट, मग पँटचा घेर बुटावरून खाली ओढणं, मग जॅकेट, टोपी, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले की चेन पकडता येत नाही. बूट आधी घातले की पँट अडकते. पँटचा घेर बुटात खोचला तर बर्फ आत जातो आणि अर्ध्या तासात मोजे ओले. शू पहिल्या नंबरावर का, ते एकदा सगळं चढवून झाल्यावर पोरीला शू लागली की कळतं.

याची तालीम करायला मे महिन्यात लोकरीचे कपडे घालायची गरज नाही. पावसाळी पँट आणि रेनकोट पुरे. घड्याळ लावू नका, गाणं म्हणत करा. चेनचं टोक खालच्या खाचेत बसवणं हे एकच काम चार वर्षांच्या मुलीला आठवडाभर पुरतं. तेवढं जमलं की बाकीचं पटापट येतं.

कागद. आपल्या मुलींना पाण्याची सवय, आणि धुवायला आई किंवा आजी हजर. तिकडे किंडरगार्टनमध्ये फक्त कागद असतो आणि बहुतेक ठिकाणी मुलीने आपलं आपण आवरावं अशी अपेक्षा असते. घरीच शिकवा, आणि मुलींना एक गोष्ट पक्की सांगा: पुसायचं ते पुढून मागे. मागून पुढे पुसलं की लघवीच्या जागी जंतुसंसर्ग व्हायचा धोका वाढतो. लाज वाटते म्हणून हा विषय टाळणारी घरं मी पाहिली आहेत. मग मुलगी दिवसभर शू धरून बसते आणि दुखणं दुसरीकडून येतं. घरी आल्यावर हवं तर पाणी वापरा, कुणी अडवत नाही.

जेवण. डबा स्वतः उघडणं, बाटलीचं झाकण फिरवणं, काट्याने खाणं. भरवणं निघायच्या आधीच बंद करा. टीव्हीसमोर भरवणं तर आजच.

चालणं. इन्सब्रुकमध्ये सुट्टीचा अर्थ चालणं असाच असतो. रविवारी सकाळी रालामंडळच्या टेकडीवर न्या, पाऊस उघडला की जानापावला. मुलीची छोटी पिशवी तिच्याच पाठीवर द्या, आत पाणी आणि खाऊ. "बाबा, कडेवर" म्हटलं की थांबायचं, बसायचं, खाऊ खायचा आणि पुन्हा चालायचं. उचलायचं नाही.

सहा वाक्यं. जर्मनचा क्लास लावण्यापेक्षा एवढी वाक्यं तोंडात बसवा. इख मुस आउफ्स क्लो (मला शू-शीला जायचंय). इख हाबं दुर्स्ट (तहान लागलीय). मिअर इस्ट काल्ट (थंडी वाजतेय). एस टुट वे (दुखतंय). नाइन (नाही). हिल्फं (मदत). रंग, आकडे, फळांची नावं मागाहून येतील.

तपासा: मुलगी एकटीने संडासला जाऊन येते का, चेन लावते का, अनोळखी मोठ्या माणसाकडे मदत मागते का? तिन्ही होत असेल तर ती तयार आहे. अक्षरओळख नसली तरी चालेल.

## टप्पा ४: सामान

थोडक्यात सांगते. जाड कपडे इथून घेऊ नका. इंदूरची थंडी डोळ्यांसमोर ठेवून विणलेले स्वेटर तिकडे ना धड आत घालता येत, ना वर. आतला थर अंगासरशी लोकरीचा किंवा घाम शोषून बाहेर टाकणारा लागतो. सुती बनियन घामाने ओलं झालं की अंग गार पडतं. बर्फाची पँट, बूट आणि पावसाळी चिखल-पँट तिकडेच घ्या, तीही शक्यतो मुलांच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून. मुली दर वर्षी वाढतात, नव्याचे पैसे कशाला? बुटात बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या. घट्ट बुटात पाय लवकर गारठतो.

माकडटोपी राहू द्या. मफलरही. खेळताना मफलर झोपाळ्याला, घसरगुंडीला अडकून गळा आवळला जातो, म्हणून किंडरगार्टनवाले गळ्यात चढवायची नळीसारखी पट्टी मागतात.

पैंजण, काळ्या मण्यांच्या वाक्या, गळ्यातली साखळी आजीकडे ठेवून जा. बुटात पैंजण टोचतं, आणि व्यायामाच्या तासाला दागिने काढायलाच लावतात. कानात अगदी बारीक, मागून गोल मळसूत्राचे टॉप्स राहू द्या. काजळ नको. घरगुती असो की विकतचं, त्यात शिसं असल्याची उदाहरणं जगभर सापडली आहेत.

सावध: युरोपीय संघात बाहेरच्या देशातून सामानात दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, मावाबाटी, सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. शेव, भाजणी, मसाले, डाळी न्या. तूप तिकडच्या लोण्याचं छान कढतं.

## टप्पा ५: घर निवडताना

भाडं आणि ऑफिसचं अंतर बघून घर घेतात आणि ऊन बघायचं राहून जातं. डिसेंबरच्या शेवटी इन्सब्रुकमध्ये दिवस साडेआठ तासांचा असतो, इंदुरात तो साडेदहा तासांच्या वर असतो. त्यातून डोंगराची सावली. इन नदीच्या उत्तरेला, नॉर्डकेट डोंगररांगेच्या पायथ्याशी होटिंग, म्युहलाउसारख्या वस्त्यांचा उतार दक्षिणेकडे आहे, तिथे हिवाळ्यात ऊन जास्त मिळतं. घर उन्हाळ्यात बघत असाल तर मालकाला एकच प्रश्न विचारा: डिसेंबरमध्ये दुपारी या खोलीत ऊन येतं का?

दुसरी गोष्ट किंडरगार्टन आणि शाळा पायी गाठता येण्याची. पहिलीपासूनची मुलं तिकडे बरेचदा एकेकटी किंवा मैत्रिणींबरोबर चालत शाळेत जातात. तुमच्या मुलीलाही वर्षभरात तसं जावंसं वाटेल.

घर मिळालं की रोज दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, हिवाळ्यातसुद्धा. कुकरची वाफ, फोडणी, घरात वाळत घातलेले कपडे, सगळा ओलावा थंड भिंतीवर बसतो आणि कपाटामागे बुरशी धरते. "पोरींना गारठा लागेल" म्हणून खिडक्या बंद ठेवणाऱ्या घरातल्या पोरीच जास्त खोकतात, हे माझं निरीक्षण.

## टप्पा ६: पहिला आठवडा

१. राहत्या पत्त्याची नोंदणी तीन दिवसांच्या आत. अर्जावर घरमालकाची सही लागते, प्रत्येक मुलीचा वेगळा अर्ज. जन्मदाखले बरोबर न्या.
२. नोकरी करणाऱ्या पालकाच्या आरोग्य विम्यात मुलींची नावं घाला. मुलांना त्याचा वेगळा हप्ता नसतो.
३. बालरोगतज्ज्ञ शोधा, मुलगी आजारी पडायच्या आधी. विम्याशी करार असलेले डॉक्टर वेगळे, करार नसलेले वेगळे. दुसऱ्यांकडे आधी पूर्ण फी भरायची आणि विम्याकडून त्यातला काही भागच परत मिळतो. करारवाल्यांकडे नवीन मुलं घेतात का ते फोन करून विचारा.
४. किंडरगार्टनचं ऑफिस. पाच पूर्ण झालेल्या मुलीला शाळेआधीचं एक वर्ष किंडरगार्टन सक्तीचं आहे, आठवड्याला किमान वीस तास. १ सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण झाली की शाळा. सप्टेंबरच्या जागांची नोंदणी आधीच्या हिवाळ्यातच सुरू होते, म्हणून शक्य असेल तर इंदूरहूनच ई-मेल करून ठेवा.
५. फ्रिजवर नंबर चिकटवा: रुग्णवाहिका १४४, डोंगरातली सुटका १४०, युरोपभर चालणारा ११२, आणि रात्री-बेरात्री आजारपणाचा सल्ला हवा असेल तर १४५०.

तपासा: सकाळची शाळा दुपारीच सुटते. आई-बाबा दोघं नोकरी करणार असाल तर दुपारच्या जेवणाची आणि सांभाळायची जागा वेगळी मागावी लागते. ती आपसूक मिळते असं समजू नका.

## टप्पा ७: किंडरगार्टनचे पहिले आठवडे

सुरुवातीला आई किंवा बाबांना वर्गात बसायला बोलावतात. मग दहा मिनिटं बाहेर जा, मग अर्धा तास, मग पूर्ण सकाळ. हे दोन-तीन आठवडे चालतं, म्हणून नोकरीवर रुजू व्हायची तारीख दोघांनीही त्याच आठवड्यात घेऊ नका.

आपल्याकडची एक पद्धत इथे मोडून टाका: मुलगी खेळण्यात रमली की डोळा चुकवून सटकायचं. तिच्या नजरेत बघून "मी जाते, जेवणानंतर येते" असं सांगा, पापी घ्या आणि निघा. ती रडेल. पण सटकलात तर उद्या ती खेळायला बसणारच नाही, दारावर नजर ठेवून उभी राहील.

मग ती गप्प होईल. महिना, दोन महिने, कधी जास्त. घरी मराठीत चिवचिवाट आणि तिकडे एक अक्षर नाही. भाषा बदललेल्या मुलांत हे नेहमीचं असतं. त्या दिवसांत तिच्याशी मोडकं जर्मन बोलू नका. घरी मराठीच, आपली हिंदी मिसळलेली इंदुरी मराठी असली तरी तीच. बाईंना मात्र विचारत राहा: खेळते का, हसते का, खुणेने मागते का? खेळत असेल तर भाषा येणार. खेळणंही बंद झालं असेल तर डॉक्टरांशी बोला.

शाळेच्या वयाच्या मुलीची जर्मनची चाचणी होते. भाषा कमी असेल तर जर्मनच्या वेगळ्या तासांना बसवतात आणि दोन वर्षांपर्यंत नेहमीचे गुण न देता ठेवता येतं. इंदुरात पहिली आलेल्या पोरीच्या आईबापांना हे मनाला लागतं. लागू देऊ नका. हे तिच्या फायद्याचं आहे.

डबा. दहाच्या सुमारास छोटं खाणं असतं. पोहे देऊ नका, काट्यावरून सांडतात आणि शेव सगळीकडे होते. थालीपिठाचे तुकडे, दशमीची गुंडाळी, काकडी, सफरचंद द्या. सुकामेवा आणि गोड चालतं का ते आधी विचारा. शाकाहारी असाल तर लेखी द्या आणि सविस्तर द्या: मांस नाही, मासे नाहीत, जिलेटिन नाही, मांसाचं सूप नाही. टिरोलमध्ये, म्हणजे इन्सब्रुक ज्या प्रांतात आहे तिथे, चीजचा चपटा गोळा सुपात घालून देतात. गोळा शाकाहारी असतो, खालचं सूप बहुतेकदा गाईच्या हाडांचं.

सावध: ऑस्ट्रियात मुलांवर हात उगारण्याला १९८९ पासून कायद्याने बंदी आहे. चापट नाही, कान पिळणं नाही, घरातसुद्धा नाही. आणि "आता मार खाशील हं" हे आपण सहज म्हणतो ना, तेही बंद करा. मुलगी ते वर्गात शब्दशः जर्मनमध्ये सांगते आणि बाईंना ते नोंदवून घ्यावं लागतं.

मुलींना घेऊन गेलेल्या घरांत आणखी एक गोष्ट होते आणि कुणाला ती चूक वाटतही नाही. मोठीला भाषा आधी येते आणि ती घराची दुभाषी होऊन बसते. डॉक्टर, बँक, घरमालक, धाकटीच्या बाई, सगळीकडे ताई. सात वर्षांची मुलगी आईच्या दुखण्याचं वर्णन डॉक्टरांना करतेय, हे बघायला कौतुकाचं वाटतं आणि तिच्या डोक्यावर मात्र ओझं होतं. दुकानात ब्रेड मागू द्या. दवाखान्यात आणि कचेरीत दुभाषी मागा, किंवा स्वतः शिका. धाकटी वर्गात काय करते याची चुगली ताईकडून काढून घेणंही त्यातच आलं.

## टप्पा ८: डोंगर, ऊन, बर्फ

ऊन. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत वर परत फेकतो. नॉर्डकेटची केबल कार गावातून वीसेक मिनिटांत २,२५६ मीटरवर नेते. काळा चष्मा आणि सनक्रीम हिवाळ्यातच जास्त हवं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा, कारण ऊन खालूनही येतं. सर्दी असेल तर केबल कार टाळा, कान फार दुखतात. एरवी चढताना चघळायला काहीतरी द्या. "ऊन लागून काळवंडेल" म्हणून मुलीला घरात ठेवणारी आत्या फोनवर भेटेलच. तिचं ऐकून घ्या आणि मुलीला बाहेर पाठवा.

गोचीड. साधारण मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत गवतात, झुडपांत असतात. त्यांच्या चाव्यातून मेंदूला सूज आणणारा विषाणू येऊ शकतो. त्यावर औषध नाही, पण लस आहे आणि ऑस्ट्रियात ती मुलांना एक वर्षानंतर देतात. तीन डोस असतात, पहिले दोन हिवाळ्यात घ्यायला सुरुवात करा. गोचिडीतून येणाऱ्या दुसऱ्या आजारावर लस नाही, म्हणून बाहेरून आल्यावर रोज तपासणी: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, गुडघ्यामागे, जांघेत. वेण्या सोडून बघा. सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची. तेल, हळद, चुना काही लावायचं नाही. नंतरच्या आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टर.

गाई. इंदुरात दारात येणाऱ्या गायीला पोळी द्यायची सवय असलेल्या मुली कुरणात गाय दिसली की हात पुढे करून धावतात. वासरू बरोबर असलेली डोंगरातली गाय अंगावर येते. लांबून नमस्कार करायला शिकवा.

बर्फ. छपराच्या कडेखाली खेळू द्यायचं नाही, वरून बर्फाचा ढीग किंवा सुळके पडतात. घसरगाडीवर पाय पुढे करून बसायचं, पोटावर आडवं होऊन डोकं पुढे नाही. हेल्मेट घालायचंच. टिरोलमध्ये स्कीसाठी त्याची सक्ती नसली तरी. हेल्मेटखाली उंच बुचडा बसत नाही, मानेपाशी एकच सैल वेणी घाला. खुणा केलेली वाट सोडायची नाही. गाडीच्या सीटवर पट्टा बांधण्याआधी फुगीर जॅकेट काढा. जॅकेटवरून बांधलेला पट्टा आपल्याला घट्ट वाटतो, पण धडकेत तो सैल पडतो.

फॉन वारा. दक्षिणेकडून डोंगर उतरून येणारा हा कोरडा गरम वारा भर थंडीत दुपारचं तापमान एकदम चढवतो. सकाळी दव गोठलेलं, दुपारी मुली घामाघूम. अशा दिवशी मधला थर चेनचा द्या, म्हणजे त्यांना स्वतः काढता येईल.

पोहणं लवकर शिकवा, आणि शाळेच्या पोहण्याच्या तासातून मुलीला काढून घेऊ नका. इन नदीचं पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं थंड आणि ओढीचं असतं. काठावर हात धरूनच.

## टप्पा ९: आजीचा फोन आणि इंदूरची फेरी

हिवाळ्यात इंदूर साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात आणि आजी तासभर आधी किंवा नंतर फोन धरून बसते, ते तिला सांगून ठेवा. मुली दुपारी जेवून बसतात तेव्हा इंदुरात संध्याकाळ असते, ती वेळ उत्तम. "बोल ना आजीशी" असा आग्रह करण्यापेक्षा आजीला गोष्ट वाचायला सांगा. देवनागरी वाचायला आलेल्या मुलीने आजीला वाचून दाखवावं, रोज थोडंसंच. ते सुटलं की पुन्हा हाताला लागत नाही.

इंदूरला यायचं ते शाळेच्या सुट्टीतच. शाळा चालू असताना परवानगीशिवाय मुलीला घेऊन गेलात तर दंड होतो. सक्तीच्या किंडरगार्टन-वर्षातही हजेरीचा नियम आहेच, आधी विचारून घ्या. टिरोलची मोठी सुट्टी जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत असते. म्हणजे मुली पावसाळ्यात येणार, आंब्याच्या दिवसांत नाही. गणपती कधी सुट्टीत सापडतात, कधी हातचे जातात. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि शाळा त्याच दिवशी उघडते.

तिकिटं काढण्याआधी प्रत्येक मुलीचा पासपोर्ट आणि तिकडचं निवासपत्र शेजारी शेजारी ठेवून दोन्हींच्या तारखा बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे तो आईबापांच्या आधी संपतो. संपत आला असेल तर व्हिएन्नाच्या भारतीय दूतावासातून आधी नवा घ्या, मग निवासपत्राचं नूतनीकरण, मग तिकीट.